कॅरम स्कोअरर, टप्पा तिसरा: नियम स्क्रीनमधून बाहेर

कॅरमचे गुण मोजणाऱ्या माझ्या ॲपमध्ये मागच्या टप्प्यात टीव्हीवरचा मोठा स्कोअरबोर्ड सुरू झाला होता. या वेळी दाखवण्यासारखं स्क्रीनवर काहीच नाही. रंग तेच, बटणं तीच. आतली मांडणी मात्र पार बदलली आहे आणि मला तरी या ॲपमधलं आजवरचं सगळ्यात उपयोगी काम हेच वाटतं.

कॅरम खेळता पण गुण दुसरंच कोणीतरी लिहितं, अशांसाठी हिशेब थोडक्यात सांगतो. बोर्ड, म्हणजे एक डाव, जिंकणाऱ्याला पटावर उरलेल्या समोरच्याच्या प्रत्येक सोंगटीचा १ गुण. राणी त्यानेच कव्हर केली (राणीपाठोपाठ आपली सोंगटी घालून ती पक्की केली) असेल तर वर आणखी ३. ती हरणाऱ्याने कव्हर केली असेल, तर ते ३ कोणालाच नाहीत. गेम २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा, आधी जे होईल ते. आणि खरी मेख पुढे आहे: खेळाडूचे २२ गुण झाले की त्याला राणीचे गुण मिळणं बंद होतं. समजा २२वर असलेल्याने राणीसकट बोर्ड मारला आणि समोरच्याच्या २ सोंगट्या उरल्या, तर त्याचे २४ होतात, २७ नव्हे. म्हणजे गेम चालूच.

हा २२चा नियम आतापर्यंत ‘बोर्ड संपला’ या बटणाच्या क्लिकमध्ये राहत होता. टीव्हीचा स्कोअरबोर्ड आला तसा तो तिथेही पोचला, कारण बघणाऱ्यांना ‘आता राणीला गुण आहेत की नाहीत’ हे दिसायला हवं होतं. एकच नियम दोन कंपोनंटमध्ये (स्क्रीनच्या तुकड्यांमध्ये), आणि दोन्हीकडे रेंडरच्या, म्हणजे स्क्रीन रंगवण्याच्या, गर्दीत.

अशा वेळी रिॲक्टवाल्यांकडे (रिॲक्ट म्हणजे स्क्रीन बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) एक जुना तोडगा असतो. रिॲक्टच्या टीममध्ये काम केलेल्या डॅन अब्रामोव्ह यांनी २०१५मध्ये मांडलेली विभागणी: एक कंपोनंट नुसता दाखवणारा, दुसरा डेटा आणि वागणूक सांभाळणारा कंटेनर. ती इतकी पसरली की लोक गरज नसतानाही प्रत्येक गोष्टीचे दोन तुकडे करायला लागले. फेब्रुवारी २०१९मध्ये रिॲक्ट १६.८बरोबर हुक्स (कंपोनंट न तोडता त्यातलं लॉजिक वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवायची सोय) आले आणि त्याच वर्षी अब्रामोव्ह यांनी आपल्या त्याच लेखावर टीप टाकली, की आता कंपोनंट असे तोडायची शिफारस मी करत नाही. मला ते पटतं. कंटेनर झाला तरी तो कंपोनंटच. २२चा नियम तपासायला पुन्हा काहीतरी रेंडर करावं लागणार असेल, तर नियम स्क्रीनमधून सुटला कुठे?

म्हणून मी नियमांची वेगळी फाइल केली आणि तिला एकच अट घातली: तिच्यात रिॲक्टचा एकही इंपोर्ट नको. आत साधी फंक्शन्स आहेत. बोर्डांची यादी द्या, ती गुण सांगतात, गेम संपला का ते सांगतात, पुढच्या बोर्डात कोणाला राणीचे गुण लागू आहेत तेही सांगतात.

इथे सगळ्यात मोठा फरक पडला तो काय साठवायचं यात. आधी स्टेटमध्ये (ॲप लक्षात ठेवतं त्या माहितीत) दोघांचे गुण असायचे. आता फक्त बोर्ड असतात: कोण जिंकलं, किती सोंगट्या उरल्या, राणी कोणी कव्हर केली. गुण दर वेळी पहिल्या बोर्डापासून मोजले जातात. ८ बोर्डांची बेरीज करायला फोनला काही कष्ट पडत नाहीत. फायदा दुरुस्तीच्या वेळी कळतो. चौथ्या बोर्डानंतर खेळाडू म्हणतो, ‘अहो, तिसऱ्या बोर्डात माझ्या तीन नाही, दोनच सोंगट्या उरल्या होत्या.’ साठवलेले गुण असतील तर नुसता १ वजा करून भागत नाही. तिसऱ्या बोर्डानंतर समोरच्याचे २२ झाले होते ते आता २१ झाले, म्हणजे चौथ्या बोर्डातल्या राणीचे बंद झालेले ३ गुण त्याला परत द्यायला लागतात. बोर्डांची यादी असेल तर एक आकडा बदला, बाकीचं आपोआप नीट बसतं. ‘मागे घ्या’ बटण म्हणजे यादीतला शेवटचा बोर्ड काढून टाकणं, बस्स.

स्क्रीन आणि नियम यांच्यामध्ये एक छोटा हुक आहे, त्यात रिड्यूसर, म्हणजे जुनी यादी आणि नवी घटना घेऊन नवी यादी देणारं फंक्शन. स्ट्रिक्ट मोड या चुका पकडणाऱ्या सोयीत रिॲक्ट डेव्हलपमेंटच्या वेळी रिड्यूसर मुद्दाम दोनदा चालवतं, त्यामुळे आत काही उद्योग केलेले असले तर लगेच उघडे पडतात. म्हणून बोर्ड संपल्याची वेळ क्लिकच्या हँडलरमध्येच घेऊन आत पाठवतो आणि गेम संपल्याची घंटाही बाहेरच वाजते. नियमांच्या फाइलला घड्याळ माहीत नाही, आवाजही माहीत नाही.

मग स्क्रीनकडे काय उरलं? बरंच. कुठला टॅब उघडा आहे, ‘मागे घ्या’ म्हटल्यावर खात्री विचारायची की नाही, हे लॉजिकच आहे, पण कॅरमचं नाही. ते कंपोनंटमध्येच सुखाने राहू दे. सगळंच उचलून बाहेर न्यायचा सोस मला नाही.

राणीच्या बटणावर मात्र डोकं खाजवलं. २२ झाल्यावर ते बंद करावं असं सहज वाटतं, पण ते चुकीचं ठरलं असतं. राणी कव्हर झाल्याशिवाय बोर्ड सहसा संपत नाही, त्यामुळे ती कोणी घेतली ही नोंद लागतेच. फक्त गुण नसतात. शिवाय वर सांगितलेली दुरुस्ती आली तर तीच नोंद कामी येते. शेवटी नियमांची फाइल ‘राणीचे गुण लागू: नाही’ एवढंच सांगते. त्यावरून फोनवर बटण फिकं होतं पण दाबता येतं, आणि टीव्हीवर राणीच्या चित्रावर काट मारली जाते. निर्णय एक, दाखवण्याच्या तऱ्हा दोन.

मराठी आकडे वापरणाऱ्यांसाठी एक खबरदारी. जावास्क्रिप्टच्या इंटल नंबरफॉरमॅट या आकडे छापणाऱ्या सोयीला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची खूण) दिलं की २२ देवनागरीत छापून येतात, छान दिसतात. पण देवनागरी अंकांची स्ट्रिंग जावास्क्रिप्टच्या ‘नंबर’ला दिली की हातात नॅन (‘हा आकडा नाही’) येतो. त्यामुळे देवनागरी अंक अगदी शेवटच्या पायरीला, थेट दाखवताना तयार होतात आणि तिथून मागे कधीच जात नाहीत.

चाचण्या व्हीटेस्ट या चाचणीच्या साधनात आहेत, ब्राउझर किंवा डॉमची (ब्राउझरमधल्या पानाच्या रचनेची) गरज नाही. २१वर असताना राणी, २२वर असताना राणी, राणी हरणाऱ्याकडे, ८ बोर्ड होऊनही कोणी २५ला पोचलेलं नाही, असे प्रसंग एकेका ओळीत लिहिता येतात. आधी यातला प्रत्येक प्रसंग बटणं दाबत दाबत उभा करावा लागायचा.

या सगळ्याचा उपयोग अनपेक्षित ठिकाणी झाला. आमच्या सोसायटीतली जुनी मंडळी राणीला ५ धरतात आणि गेम २९चा खेळतात. २५चा गेम म्हटलं की ‘हे काय नवीन?’ म्हणून भांडायला उठतात. राणीचे गुण, ते बंद होण्याची मर्यादा, गेमचे गुण आणि बोर्डांची संख्या हे चार आकडे आता एका ऑब्जेक्टमध्ये आहेत. तो बदलला की काकांचा गेम तयार. फोन आणि टीव्ही यांच्या कंपोनंटना हातही लावला नाही. मॅच सुरू होताना हा ऑब्जेक्ट मॅचबरोबरच साठवतो, म्हणजे मध्येच आकडे बदलले तरी चालू मॅचचे गुण हलत नाहीत.

नियम निवडायचा स्क्रीन अजून केलेला नाही. तोवर काकांचा गेम लावायचा तर मलाच फाइल उघडून आकडे बदलावे लागतात.