शेवटचा थिरथिरा नेमका कधी गेला?

थिरथिरा म्हणजे फक्त हिवाळ्यापुरता येणारा एक छोटा पक्षी. माझ्या वहीत त्याची या हंगामातली पहिली नोंद ठळक अक्षरांत आहे: १२ ऑक्टोबर, पुण्याची वेताळ टेकडी, खाणीचा कठडा, नर, पुढे तीन उद्गारचिन्हं. गेल्या वर्षी तो गेला कधी, हे शोधायला मागची पानं चाळली तर 'मार्चमध्ये दिसला होता बहुतेक' एवढंच सापडलं. पक्षी येतो तेव्हा आपण ग्रुपवर गलका करतो. जातो तेव्हा कुणालाच पत्ता नसतो, कारण शेवटचा दिसतो त्या दिवशी तो शेवटचा असल्याचं त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

पक्षीनिरीक्षण क्लबमधलं माझं हे तिसरं वर्ष. पहिलं नावं पाठ करण्यात गेलं, दुसरं पाहिलेल्या प्रजातींचा आकडा वाढवण्यात (१४१ झाले, सांगितल्याशिवाय राहवत नाही). यंदा ठरवलं की फेब्रुवारी ते एप्रिल नव्या पक्ष्यामागे धावायचं नाही. टेकडीवरचे पाच हिवाळी पाहुणे निवडायचे आणि ते कधी निघतात तेवढंच लिहायचं. थिरथिरा, लाल छातीची माशीमार, करडा धोबी, हिरवट वटवट्या आणि ब्लिथचा वेळू वटवट्या. परदेशी पुस्तकांमध्ये वसंत म्हणजे पक्षी परत येण्याचा ऋतू. आपल्या पुण्यात पळस फुलतो आणि पाहुणे बॅगा भरायला लागतात.

पद्धत साधी. दर रविवारी एकच वाट: पत्रकारनगरच्या बाजूने वर, वेताळबाबाच्या देवळावरून खाणीपर्यंत. सुरुवात सकाळी सातला. दिसलेले आणि ऐकलेले सगळे पक्षी लिहायचे, कावळे-पारव्यांसकट. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ) यादी भरताना शेवटी प्रश्न येतो ना, ओळखता आलेले सगळे पक्षी यात आहेत का म्हणून, त्याला प्रामाणिकपणे 'हो' म्हणता आलं तरच 'आज थिरथिरा नव्हता' या वाक्याला काही किंमत. नाहीतर तो नव्हता की तुम्ही लिहिला नाही, हे कोण सांगणार?

१५ फेब्रुवारी. चार दिवसांच्या पक्षीगणनेतला रविवार, त्यामुळे क्लबची चौदा माणसं. गिरिपुष्प गुलाबी फुलांनी लगडलेलं, त्यावर शिंजीर आणि चष्मेवाले पक्षी. पाचही पाहुणे हजर. वटवट्ये दिसले कमी, ऐकू आले जास्त. वेळू वटवट्या झुडपात बसून 'टक्, टक्' करत राहतो, जणू कुणी जिभेने टाळूवर आवाज काढतंय. हिरवट वटवट्या वर पानांत, 'चिस्वी'. हे दोन वेगळे ओळखायला मला दोन वर्षं लागली. क्लबमधल्या वहिनींना दोन रविवार लागले, पण त्या गाणं शिकलेल्या आहेत, असं म्हणून मी समाधान करून घेते.

१ मार्च. आज खाणीच्या काठावर एकाच थिरथिऱ्यासमोर पंचवीस मिनिटं बसले. नर. दगडावर बसतो, शेपूट सेकंदभर थरथरते, मग अंग खाली-वर होतं, मग पुन्हा थरथर. खाली उतरतो, काहीतरी टिपतो, त्याच दगडावर परत. पंचवीस मिनिटांत अकरा वेळा उतरला, आठ वेळा चोचीत काहीतरी होतं. ऑक्टोबरात हाच (किंवा याचा भाऊ) राखाडी वाटला होता, आता काळा कुळकुळीत आणि पोटाला विटकरी तांबूस. क्लबमधल्या जाणत्या काकांनी सांगितलं की नवी पिसं येतात तेव्हा त्यांच्या कडा करड्या असतात. हिवाळाभर त्या झिजतात आणि खालचा काळा रंग उघडा पडतो. म्हणजे गडी कपडे बदलत नाही, जुनेच झिजवून नवरदेव होतो. पुणेरी काटकसर म्हणायची.

८ मार्च. क्लबची सहल पुण्याजवळ नदीकाठी, कवडीपाटला. वास नेहमीचाच, जलपर्णी नेहमीचीच, आणि बंधाऱ्यावर अडकलेल्या प्लॅस्टिकबद्दल लिहून मीही कंटाळले, तुम्हीही वाचून कंटाळला असाल. चक्रवाकांच्या चार जोड्या अजून होत्या. पण मजा धोब्यांची. पिवळा धोबी जानेवारीत मळका दिसतो, आता छाती-पोट हळदीत बुडवल्यासारखं. पांढऱ्या धोब्याच्या गळ्यावर काळा पट्टा उतरलेला. हे मात्र खरंच पिसं बदलतात. नावच धोबी, त्यांना कपड्यांची काय कमी!

१५ मार्च. पाडव्याच्या अलीकडचा रविवार. आज फजिती. देवळाच्या मागून शिक्र्याची, म्हणजे छोट्या शिकारी पक्ष्याची, 'टिटीऽ टिटीऽ' आली. मी यादीत शिक्रा टाकला आणि वर रुबाबात म्हटलं, "काका, शिक्रा बोलतोय." काका काही बोलले नाहीत, नुसतं तारेकडे बोट दाखवलं. तारेवर कोतवाल पक्षी. चोच उघडली की शिक्रा बाहेर पडतोय! खाली साळुंक्या किडे टिपत होत्या, त्या भुर्रकन उडाल्या आणि साहेब खाली येऊन त्यांचा किडा घेऊन गेले. कोतवाल नकला करतो हे वाचलं होतं, चोरीसाठी करतो हे डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. यादीतून शिक्रा खोडला. दहा मिनिटांनी झाडावर शिक्रा बसलेला दिसला म्हणून पुन्हा लिहायला घेतला, तर त्याने 'पेरते व्हा' सुरू केलं. पावशा! पाठ राखाडी, पोटावर पट्टे, शेपटीवर पट्टे, अगदी शिक्र्याचाच सदरा. एक आवाजाने तोतया, दुसरा रूपाने. खरा शिक्रा त्या दिवशी यादीत नाहीच.

लाल छातीची माशीमार आज नव्हती. वहीत पहिलं शून्य.

२२ मार्च. थिरथिरा होता, खाणीत, नर. माशीमार शून्य. करडा धोबी शून्य, पण खाणीतलं पाणीही बरंच आटलंय, त्यामुळे तो उत्तरेला गेला की नदीकाठी, देव जाणे.

२९ मार्च. थिरथिरा शून्य.

५ एप्रिल. थिरथिरा शून्य, हिरवट वटवट्या शून्य. एकूण प्रजाती फक्त एकोणीस. मला वाटलं, चला, टेकडी रिकामी झाली, नोंद पक्की. उतरताना क्लबमधल्या ताईंना वही दाखवली. त्यांनी नुसती वेळ वाचली आणि विचारलं, "अगं, तू अजून सातलाच सुरू करतेस?"

इथे माझी चूक, आणि नवख्यांनी ही नीट वाचा. फेब्रुवारीच्या मध्यात पुण्यात सातच्या सुमारास उजाडतं. एप्रिलच्या सुरुवातीला साडेसहाच्या आतच सूर्य वर असतो. घड्याळाचे सात तेच, पण पक्ष्यांचे सात राहिले नाहीत. फेब्रुवारीत मी सूर्योदयाबरोबर चालत होते, एप्रिलमध्ये अर्धा-पाऊण तास उशिरा, तेही ऊन चढल्यावर. म्हणजे माझ्या शून्यांपैकी काही शून्यं पक्ष्यांची नाहीत, माझ्या गजराची आहेत. १५ मार्चपासून पुढच्या नोंदींवर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. वाईट वाटलं, पण खोडरबर चालवायचं नाही हे क्लबमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलंय.

मधल्या एका शनिवारी सिंहगड व्हॅलीत गेलो होतो, तेवढं सांगून टाकते. ओढ्यातल्या उरल्यासुरल्या डबक्यावर स्वर्गीय नर्तक आला, पांढरा नर, लांब फितीसकट. पाण्यात बुडी मारून फांदीवर, पुन्हा बुडी. इतक्यात पलीकडच्या एका कॅमेरावाल्याने मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवली. पक्षी दोनदा त्याच्या डोक्यावरून गेला, बावचळला आणि दिसेनासा झाला. उन्हाळ्यात पाणी तेवढंच, विणीचे दिवस तोंडावर, आणि आपण त्याला खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला लावतोय. काकांनी जाऊन शांतपणे सांगितलं. उत्तर आलं, "एकदाच लावलं हो." डबक्यावर माणसं वीस होती.

१२ एप्रिल. पावणेसहाला पायथ्याशी. अंधारात रातवा (रात्री फिरणारा पक्षी) बोलत होता, म्हणजे लवकर येण्याचा पहिला हप्ता वसूल. यादी एकतीसवर गेली. हिरवट वटवट्या चक्क दोन, म्हणजे मागच्या रविवारचं शून्य खोटंच होतं. वेळू वटवट्याही झुडपात टकटकतोय. तांबट पक्षी वाळक्या फांदीला भोक पाडतोय, भुसा खाली पडताना दिसत होता (झाड कुठलं ते विचारू नका, सांगणार नाही). खाणीवर पाऊण तास. थिरथिरा नाही. माझ्या हिशेबाने शेवटची तारीख २२ मार्च, पेन्सिलीत.

आणि काल रात्री काकांचा मेसेज: "गुरुवारी सकाळी खाणीत थिरथिऱ्याची मादी. फोटो पाठवतोय." फोटो धूसर, पण शेपटीचा तांबूस रंग स्पष्ट. आता ही आमच्याच टेकडीवर हिवाळा काढलेली, की दक्षिणेकडून परत जाताना एका सकाळपुरती उतरलेली? पायात ओळखीची कडी नसताना हे ओळखायचं कसं, यावर ग्रुपवर रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला. वहीत मी दोन रकाने केलेत, नराचा वेगळा आणि मादीचा वेगळा. रविवारी पावणेसहा, पत्रकारनगरच्या बाजूला. टॉर्च आणा, पण वर पोचल्यावर बंद करा.