हामेल्न: उंदीर नंतर आले

जर्मनीतल्या हॅनोव्हरहून लोकल गाडीने पाऊण तासात हामेल्नला उतरले, तेव्हा डोक्यात बासरीने गावचे उंदीर पळवणाऱ्या आणि ठरलेले पैसे मिळाले नाहीत म्हणून गावची मुलेच घेऊन जाणाऱ्या बासरीवाल्याची लहानपणी ऐकलेली गोष्ट होती आणि गावानेही तिचाच बाजार मांडला होता. फरसबंदीत उंदीर, बेकरीच्या काचेमागे कडक भाजलेल्या पावाचे उंदीर. ओस्टरश्ट्रासवरच्या १६०२-०३ मधल्या देखण्या दगडी घराच्या बाजूच्या भिंतीवर मात्र जुन्या जर्मनमध्ये जो मजकूर कोरला आहे, त्यात उंदरांचे नावही नाही. १२८४ साली, संत योहान आणि पौल यांच्या दिवशी, म्हणजे २६ जूनला, रंगीबेरंगी कपड्यांतल्या एका वादकाने हामेल्नमध्ये जन्मलेली १३० मुले भुलवून नेली आणि ती कोप्पेनपाशी (म्हणजे टेकड्यांपाशी) ‘कालवरी’ला हरवली, एवढेच तो सांगतो.

आपल्याकडची जुनी माणसे तारखेऐवजी तिथी सांगतात, तसा तिथे दिवस संतांच्या नावाने ओळखला जाई. कालवरी म्हणजे येशूला क्रुसावर दिले ती टेकडी. त्या एका शब्दाने गावाने आपल्या दुःखाला धर्माच्या भाषेत जागा दिली, असे मला वाटते.

१४४०-५० च्या सुमारास लुनेबुर्गच्या हस्तलिखितात केलेल्या लॅटिन नोंदीत वेझर नदीकडच्या वेशीतून आलेला, चांदीची बासरी वाजवणारा तिशीतला देखणा तरुण आहे. उंदीर तिथेही नाहीत. ते कथेत शिरले सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर. तोवर प्रोटेस्टंट पंथाची धर्मसुधारणा हामेल्नमध्ये पोहोचली होती आणि सैतानाची धास्ती युरोपभर वाढली होती. १५५६ मध्ये बांधलेल्या वेशीच्या शिलालेखाने त्या वादकाला चक्क जादूगार म्हटले, तर त्याच वर्षी छापलेल्या एका ग्रंथाने तो सैतानच असल्याचे सांगितले.

मुलांचे खरोखर काय झाले, यावर तर्क पुष्कळ आहेत. त्यांतला मला पटतो तो असा, की पूर्वेकडच्या नव्या वसाहतींसाठी माणसे गोळा करत हिंडणाऱ्या एखाद्या दलालामागे गावचे तरुण निघून गेले असावेत. ‘गावची मुले’ म्हणजे वयाने लहानच असतील असे नाही.

त्या दगडी घराच्या भिंतीला लागूनच बुंगेलोझेनश्ट्रास ही अरुंद गल्ली आहे. बुंगे म्हणजे ढोल, म्हणून ही ढोलाविना गल्ली. मुले याच वाटेने गेली अशी समजूत असल्याने इथे वाद्य वाजवत नाहीत, लग्नाची वरातही आवाज बंद करून पुढे सरकते. माझ्यापुढे चाललेल्या एका मुलाने नुकतीच घेतलेली प्लास्टिकची शिट्टी तोंडाशी नेली, तशी त्याच्या आजीने काही न बोलता ती काढून घेतली आणि गल्ली संपल्यावर परत दिली.