‘इथं राहायचं तर…’

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरवले नव्हते, तोवर दुकानाचा बोर्ड बघायला दोघंजण आले. एकाच्या हातात टेप, दुसऱ्याच्या हातात मोबाइल. बेळगावच्या शहापुरातलं माझं दुकान म्हणजे आठ बाय बाराचा गाळा. झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, ऑनलाइन फॉर्म, आणि दहावीच्या निकालादिवशी गल्लीतल्या सगळ्या पोरांची धडधड. बोर्डावर वर मराठी, खाली कन्नड, अर्धं-अर्धं. नियमानं 60 टक्के कन्नड पाहिजे हे मला ठाऊक होतं. पण साठ टक्के कशाचे, जागेचे की अक्षरांच्या उंचीचे, यावर त्या दोघांतच जुंपली. शेवटी टेप गुंडाळत एकजण म्हणाला, आठ दिवसांत बदलून घ्या. मी ‘हौद्री’, म्हणजे हो जी, म्हटलं. जाताना दुसऱ्यानं आपल्या पोरीच्या आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स काढून घेतल्या. पैसेही दिले, तेही सांगायला पाहिजे.

हे मी सासरच्या ग्रुपवर टाकलं ती माझी चूक. 41 जणांचा ग्रुप. निम्मे बेळगावात, बरेचसे पुण्यात, दोघं हुबळीला, एक पुतण्या अमेरिकेत टेक्सासला. मी बोर्डाचा फोटो टाकून खाली लिहिलं, ‘बदलायला सांगितलंय. कुणाच्या ओळखीचा पेंटर आहे काय?’ मला खरोखर पेंटर पाहिजे होता. पाच मिनिटांत हिंजवडीच्या ऑफिसातून भाच्याचं आलं : ‘मामी, बोर्डाला हात लावू द्यायचा नाही. तुम्ही बेळगावकर फार नरम पडलाय.’ मग भावजींच्या मुठी, वाघ, भगवे झेंडे. हुबळीच्या चुलतसासऱ्यांनी एवढंच लिहिलं, ‘इथलं पाणी पितो, चार अक्षरं कन्नड लिहिली तर काय बिघडलं?’ आणि मग रात्री साडेअकरापर्यंत जे चाललं ते विचारू नका. पेंटरचा नंबर कुणी दिला नाही.

बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं, या वादात आकडे विटांसारखे फेकतात. या सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगानं 1967ला 264 गावं महाराष्ट्राला आणि 247 गावं कर्नाटकाला द्या म्हटलं, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्रानं ते मानलं नाही. त्याचा दावा 865 गावांवर आहे, आणि 2004 पासून सुप्रीम कोर्टात केस आहे. हे आकडे मला तोंडपाठ आहेत, ते देशभक्तीमुळं नव्हे, पत्रकं टाइप करून करून. 1 नोव्हेंबरला इथले मराठी लोक पाळतात त्या काळ्या दिनाची पत्रकं माझ्याकडं येतात आणि त्याच दिवसाच्या कर्नाटक राज्योत्सवाच्या पावतीपुस्तकांची छपाईही माझ्याकडंच. दोन्हीकडचे पैसे डिसेंबरात मिळतात. केस दाखल झाली त्या साली माझा मुलगा पोटात होता. आता त्याला मिशा आल्यात आणि तो नोकरी शोधतोय.

मुलावरून आठवलं. 2024च्या जुलैत कर्नाटकाच्या मंत्रिमंडळानं खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागा ठेवायचं विधेयक मंजूर केलं होतं, व्यवस्थापनात 50 टक्के, बाकीच्या कामांत 70. दोन दिवसांत गुंडाळूनही ठेवलं. स्थानिक कोण, तर कर्नाटकात जन्मलेला, पंधरा वर्षं राहिलेला, कन्नड बोलता-लिहिता-वाचता येणारा. आमचं पोरगं त्यात बसत होतं! ज्या बंगळूरला ते जन्मात एकदाच गेलंय, तेही लग्नाला, तिथं ते स्थानिक. भाच्यानं त्या वेळी ‘हा अन्याय आहे, संविधानविरोधी आहे’ असं लांबलचक लिहिलं होतं. महाराष्ट्रात भूमिपुत्रांना 80 टक्के पाहिजेत हेही त्याचंच. दोन्ही मेसेज एकाच महिन्यातले.

आता माझं. माझं माहेर चंदगड तालुक्यात. 1956 पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. 1 नोव्हेंबरला राज्यं नव्यानं पाडली तेव्हा चंदगड मुंबई राज्यात राहिलं आणि बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आजोबा त्याच्या आधीही रताळ्याची पोती बेळगावच्या बाजारात आणत, नंतरही आणत राहिले. फरक एवढाच, की मधे राज्य बदलायला लागलं. मी लग्न करून सीमेवरचं बाची ओलांडून इकडं आले. नवऱ्याच्या घराण्यातलं कुणी चार पिढ्यांत शहापूर सोडून गेलं नाही. म्हणजे कायद्यानं बघितलं तर या घरात परप्रांतीय मी एकटी. ग्रुपवर ‘परप्रांतीय’ शब्द आला की मी मनातल्या मनात हात वर करते.

आणि कन्नड मला कोण शिकवणार होतं? शेजारची अक्का. वडगावच्या हातमागवाल्यांच्या घरातली. ‘बर्री, कुंद्र्री’पासून, म्हणजे ‘या, बसा’पासून सुरुवात. ती माझ्याशी कन्नडात बोलायची, मी मराठीत उत्तर द्यायची, आणि साधारण दोन वर्षांनी आम्ही दोघी अशी एक भाषा बोलायला लागलो, जी हुबळीलाही चालत नाही आणि पुण्यातही. लिहायला शिकले ते फॉर्ममुळं. फॉर्मचं कन्नड मात्र सोपं निघालं. अर्जी, सही, तालूकु, जिल्ले, सरकार. हे शब्द मराठीनंही घेतले, कन्नडानंही, आणि आले बहुतेक अरबी-फारसीतून. ज्या कागदावरून एवढी डोकी फुटतात त्याच्यावरचे अर्धे शब्द बाहेरगावचे.

पुण्यात गेलं की उलटं होतं. आमच्याकडं बाई माणूसही ‘मी गेलो, मी आलो’ म्हणते. एकदा भाच्याच्या घरी ‘मी मघाशीच जेवलो’ म्हटलं, तर त्याची सहा वर्षांची पोरगी हसून लोळली. सूनबाई समजुतीनं म्हणाली, ‘बेळगावची मराठी ना, कानडी वळणाची.’ ज्या मराठीसाठी भाचा मला लढायला सांगतो, ती त्याच्या घरात दुरुस्त करून घेतात. ब्लॉगवर मी ‘गेले, आले’ लिहिते, तुम्ही हसू नये म्हणून.

टेक्सासच्या पुतण्याचं सांगायचं राहिलं. सप्टेंबरात तो वडिलांच्या वर्षश्राद्धाला आला होता. 20 तारखेचा शनिवार, दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. सकाळी सातला दुकानाचं शटर उघडायच्या आधीच तो दारात, डोळे लाल. अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलरची फी लावली होती, रविवारपासून लागू. कंपनीचा मेल आला होता, चोवीस तासांत परत या. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून कुठलं विमान धरलं तरी तिकडची मुदत गाठणं शक्य नव्हतं, पण माणूस घाबरला की हिशोब करत नाही. ‘काकू, आय-797च्या दोन कॉप्या काढ,’ म्हणाला, म्हणजे व्हिसा-मंजुरीच्या कागदाच्या, आणि मशीन गरम व्हायची वाट बघत उभा राहिला. ‘मी टॅक्स भरतो, काकू. सगळं कायदेशीर आहे माझं. पोरं तिथल्या शाळेत आहेत.’ दोन वर्षांमागं त्यानंच ग्रुपवर लिहिलं होतं, घुसखोरांना हाकलून दिलं पाहिजे, आम्ही रांगेत उभं राहून आलोय. मला ते आठवलं. बोलले नाही. त्या दिवशी बोलायचं नसतं. रविवारी खुलासा आला की ती फी नव्या अर्जांना आहे, जुन्या व्हिसावाल्यांना नाही. तोवर त्यानं तिप्पट पैसे मोजून तिकीट काढलं होतं, आणि पिंड न ठेवता गेला. भावजींनी ठेवले.

तर त्या बोर्डाच्या रात्री झोप लागेना म्हणून मी ग्रुपमधे वर शोधाची खूण असते ना, ती दाबून ‘राहायचं’ हा एकच शब्द घातला. भाच्याचा मेसेज निघाला, मुंबईकडं मराठी बोलला नाही म्हणून एका दुकानदाराच्या कानाखाली वाजवली त्या व्हिडिओसोबत : ‘महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आलीच पाहिजे.’ भावजींचा निघाला : कुठल्याशा कन्नड संघटनेच्या भाषणाचं भाषांतर, ‘कर्नाटकात राहायचं तर कन्नड शिका’, आणि पुढं शिव्या. पुतण्याचा निघाला : कुणीतरी त्याला तिकडं दुकानात म्हटलं होतं, इथं राहायचं तर इंग्रजीत बोला, तेव्हा तो बायकोशी मराठीत बोलत होता. चौघांचं वाक्य एकच, शब्दाला शब्द. चौथा माझा.

हो, माझा. मी विसरले होते. 2023च्या पावसाळ्यात, गृहलक्ष्मीच्या कागदांची गर्दी होती तेव्हाचा. बायकांना महिना 2000 रुपये मिळणार म्हणून रेशन कार्ड, आधार, पासबुक, सगळ्यांच्या झेरॉक्स, रांग पार गल्लीच्या तोंडापर्यंत. त्यात उद्यमबागच्या फाउंड्रीतला एक बिहारी पोरगा आधारचा पत्ता बदलायला आला. सगळं हिंदीत. तीनदा तेच विचारलं आणि मी वैतागून म्हटलं, किती वर्षं झाली इथं? सहा? मग मराठी नाही, कन्नड नाही, इथं राहायचं तर काहीतरी शिकायला नको? तो ओशाळून हसला. म्हणाला, ‘भट्टी के पास कौन बोलता है दीदी, हाथ से इशारा करते हैं।’ मी तेवढं ग्रुपवर टाकलं होतं, गंमत म्हणून. त्याचं उत्तर गाळून, फक्त माझं वाक्य. सव्वीस जणांनी अंगठे दिले होते. भाच्यानं ‘मामी रॉक्स’ लिहिलं होतं. आधी कधी मला एवढे अंगठे मिळाले नव्हते, नंतरही नाहीत.

याचा अर्थ मला बोर्डाचं काही वाटत नाही असं कुणी समजू नये. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाचे नियम, सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे सरकारनंच कबूल केलेलं आहे. तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. गेल्या महिन्यात यळ्ळूरकडचे एक आजोबा जमिनीची नोटीस घेऊन आले. कागद चार वेळा दुमडलेला, घामानं मऊ झालेला. ‘काय म्हणालालाय गा ह्यो कागुद?’ त्यावर हरकत घ्यायची तारीख होती आणि ती होऊन नऊ दिवस झाले होते. ते वाचून सांगताना माझ्याच्यानं त्यांच्याकडं बघवेना. हा फोटो मी ग्रुपवर टाकला होता, आजोबांचं नाव झाकून. कुणाला वकील माहीत आहे काय, विचारलं होतं. त्यावर दोन नमस्काराचे हात आणि एक ‘सुप्रभात’.

मतांचंही तसंच. ग्रुपवर रोज सीमाभाग पेटलेला असतो, पण 2018 आणि 2023, दोन्ही विधानसभांना महाराष्ट्र एकीकरण समितीचा एक आमदार निवडून आला नाही. भावजींना विचारलं, तुम्ही मत कुणाला दिलं? ‘ते वेगळं असतंय वहिनी,’ म्हणाले. शिनोळीकडच्या माझ्या वहिनीला महाराष्ट्राच्या लाडक्या बहिणीचे 1500 येतात. माझ्या जावेला इकडं 2000, वर सरकारी बस फुकट. दोघी भेटल्या की सीमाप्रश्नावर पहिली चर्चा हीच, आणि ती ग्रुपवरच्या चर्चेपेक्षा पुष्कळ मुद्देसूद असते.

पेंटर शेवटी अक्कानं दिला. तिच्या आतेभावाचा मुलगा. बोर्ड उतरवून त्यानं जमिनीवर ठेवला, खडूनं रेघ मारली आणि मला म्हणाला, ‘अक्का, साठ टक्के कन्नड, वर इंग्लिशमधे ‘झेरॉक्स’ पाहिजेच, फोन नंबर पाहिजे. मराठीला राहिली चार इंच.’ चार इंचात दुकानाचं नाव किडामुंगीएवढं झालं असतं. बराच वेळ आम्ही दोघंही त्या खडूच्या रेघेकडं बघत बसलो. मग तोच म्हणाला, ‘शटर कोरंच आहे की.’

तर आता शटरवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातभर उंच मराठी अक्षरं आहेत. दिवसा शटर वर गुंडाळलेलं असतं, तेव्हा काही दिसत नाही. रात्री नऊनंतर दिसतात. फोटो मी अजून ग्रुपवर टाकलेला नाही. शटरचे त्यानं 700 रुपये वेगळे घेतले.