भ्रष्ट, पण कुठून?

परवा पेनड्राइव्हमधली फाइल उघडेना तर भाचा म्हणाला, "मामा, करप्ट झालीये ती," आणि मला एकदम आजी आठवली, कारण हाच शब्द ती दिवसातून दहादा वापरायची, फक्त मराठीत. सोवळ्याच्या लुगड्याला आमचा हात लागला रे लागला की "मेल्या, भ्रष्ट केलंस सगळं!" पैशाबिशाचा काही संबंधच नाही.

भ्रष्ट आला भ्रंश् या धातूवरून. अर्थ साधाच, घसरणे, खाली पडणे. वैद्यांचा गुदभ्रंश बघा (सॉरी, पण उदाहरण चपखल आहे), अवयव जागेवरून खाली उतरला, एवढंच. इंग्रजी करप्टच्या मुळाशी लॅटिनमधलं 'मोडणे' आहे, म्हणजे त्यांचा माणूस मोडतो नि आपला घसरतो. घसरलेला निदान उठू तरी शकतो! गीतेच्या सहाव्या अध्यायात योगभ्रष्टाला तर पुढचा जन्म चक्क शुद्ध आणि श्रीमंत घरात मिळतो.

मला गंमत वाटली ती वेगळीच. जुन्या शब्दांत बघा, पदभ्रष्ट, स्थानभ्रष्ट, मार्गभ्रष्ट, माणूस कुठून पडला ते शब्दातच सांगितलेलं असायचं. संस्कृतात तर याला पंचमी लागते, अमक्यापासून भ्रष्ट. आता पेपरात नुसतंच भ्रष्ट अधिकारी, भ्रष्ट नेते. कुठून पडले? मुळात वर कधी होते का, हे विचारायची सोयच नाही. आणि सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी उभं राहिल्यावर हा शब्द कोणी उच्चारत पण नाही, तिथे चहापाणी असतं, चिरीमिरी असते, फाइलवर वजन असतं. 1988 च्या कायद्याच्या नावात भ्रष्टाचार आहे, पण धाड घालायला येतो तो लाचलुचपतवालाच.

भाषेतली घसरण म्हणजे अपभ्रंश. पतंजलींनी महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या त्यांच्या ग्रंथात, लिहिलंय की गौः हा एक शुद्ध शब्द आणि त्याचे अपभ्रंश कितीतरी, गावी, गोणी, गोता, गोपोतलिका. आपली गाय त्या गावीच्याच कुळातली. आणि अशा घसरत घसरत आलेल्या शब्दांच्या मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला!

लुगडं भ्रष्ट झालं की आजी गोमूत्र शिंपडून ते शुद्ध करून घ्यायची. आता ज्या गायीचं ते गोमूत्र, तिचं नावच पतंजलींच्या हिशोबाने भ्रष्ट. हे आजीला सांगितलं असतं तर लुगड्याआधी माझ्यावरच शिंपडलं असतं तिने.