दोन कूपे आणि त्यांचे भाव

गेल्या ऑक्टोबरात एका मराठी मित्रासोबत इथे जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या गावात एक जुनी बीएमडब्ल्यू एम३ पाहायला गेलो होतो. ई४६ या सांकेतिक नावाच्या पिढीतील ती कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, सहा सिलिंडर एका ओळीत, सहा गिअर आणि पायाखाली खराखुरा क्लच. मालक सेवानिवृत्त गृहस्थ होते. त्यांनी किल्लीच्या आधी आमच्या हाती एक जाडजूड फाइल ठेवली. मित्र रंगाची चमक न्याहाळत होता, तेवढ्यात मी ती फाइल चाळली. पहिल्या २,००० किलोमीटरला झालेल्या सर्व्हिसचा शिक्का, व्हॉल्व्हची फट जुळवून घेतल्याची ठरावीक अंतरांवरची बिले, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग बदलल्याचे बिल, आणि शेवटी मागच्या अॅक्सलची चौकट जिथे बसते तिथल्या पत्र्याला पडलेले तडे जोडून तो भक्कम केल्याची आठ-दहा छायाचित्रे. यातली शेवटची दोन या गाडीची सर्वश्रुत दुखणी आहेत, आणि दोन्हींचा इलाज कागदावर दिसत होता. इथल्या जाहिरातींत ‘शेकहेफ्ट’ म्हणजे सर्व्हिसची वही पूर्ण असल्याचा उल्लेख आवर्जून का केला जातो, ते अशा वेळी कळते. चमक पॉलिशने आणता येते; वीस वर्षांची बिले नंतर आणता येत नाहीत.

मित्राने मात्र वेगळाच प्रश्न काढला. त्याच पिढीच्या एम३ सीएसएलला, म्हणजे वजन उतरवलेल्या खास आवृत्तीला, लोक या गाडीच्या दुपटीहूनही अधिक पैसे मोजतात, ते का? इंजिन तर तेच आहे.

इंजिन खरोखरच जवळजवळ तेच आहे. ३.२ लिटरच्या या इंजिनातून साध्या एम३ला ३४३ अश्वशक्ती मिळते, सीएसएलला ३६०. खरा फरक वजनात आहे. छत कार्बन फायबरचे, मागची काच पातळ, डिकीच्या तळाला चक्क पुठ्ठ्यावर आधारलेला हलका तक्ता, एसी आणि रेडिओ हवा असेल तरच. असे करीत साधारण ११० किलो उतरवून गाडी १,३८५ किलोवर आणली होती. समोरच्या बंपरच्या एका कोपऱ्यातील गोल भोक ही तिची ओळखखूण. २००३ साली जर्मनीत तिची किंमत ८५,००० युरो होती. जेमतेम १,३८३ नग निघाले, रंग दोनच, चंदेरी करडा आणि काळा.

आज ऐकताना नवल वाटेल, पण त्या वेळी या गाडीवर उड्या पडल्या नव्हत्या. एवढे पैसे देऊन पुठ्ठा आणि पातळ काच घ्यायची, शिवाय गिअरबॉक्सही फक्त एसएमजी, म्हणजे क्लचचे पेडल नसलेली आणि गिअर बदलताना हलकासा धक्का देणारी, हे अनेकांच्या गळी उतरले नाही. पुढे बरीच वर्षे ती मूळ किमतीच्या पुष्कळ खाली मिळत असे. आपल्याकडे भाव खाणारी वस्तू असा जो शब्दप्रयोग आहे, तो या गाडीला लागू पडायला निदान दहा वर्षे गेली.

याच्या उलट कथा पोर्शे ९११ आर या गाडीची आहे, आणि माझ्या मते जुन्या-नव्याच्या सीमेवरील गाड्यांचा बाजार समजून घ्यायला तिच्याइतके चांगले उदाहरण नाही. २०१३ साली आलेली ९११ जीटी३, म्हणजे ९११ची शर्यतीच्या वळणाची आवृत्ती, केवळ दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्ससह विकली जात होती, आणि हाताने गिअर टाकण्याची हौस असलेली मंडळी त्यामुळे नाराज होती. मार्च २०१६ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात पोर्शेने १९६७ सालच्या आपल्याच एका शर्यतीच्या गाडीचे नाव उचलून ९११ आर सादर केली. ४ लिटर, ५०० अश्वशक्ती, वजन १,३७० किलो, मागे उंच पंख नाही, आणि गिअरबॉक्स सहा गतींचा, हातानेच चालवायचा. नग ९९१ आणि प्रत्येक गाडीत तिच्या क्रमांकाची पाटी. जर्मनीतील मूळ किंमत १,८९,५४४ युरो होती आणि पहिला मान पोर्शेच्याच ९१८ स्पायडर या महागड्या गाडीच्या मालकांना मिळाला. गाड्या ग्राहकांच्या दारात पोहोचण्याआधीच बुकिंगचे हक्क विकायला निघाले, आणि काही जाहिरातींमध्ये दहा लाख युरोंच्या आसपासचे आकडे झळकू लागले. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातलाच हा प्रकार.

पुढे जे झाले ते अगदी सरळ आहे. मार्च २०१७ मध्ये नवी जीटी३ आली ती ४ लिटरच्या, ५०० अश्वशक्तीच्याच इंजिनासह, आणि हवा तर सहा गतींचा हाताचा गिअरबॉक्स घेण्याची मुभा देऊन. सप्टेंबरात फ्रँकफुर्टला तिची टूरिंग आवृत्ती दाखवली गेली, तिच्यावरही तो उंच पंख नव्हता. संख्येचे बंधन नव्हते, पाटी नव्हती. ज्या एका गोष्टीसाठी लोक पाचपट पैसे मागत होते, ती गोष्ट कारखान्याने पुन्हा बाजारात आणली, आणि ९११ आरचे भाव घसरले. ते मूळ किमतीच्या खाली गेले नाहीत, आजही ती मूळ किमतीच्या बऱ्याच वर आहे, परंतु दहा लाखांची भाषा विरून गेली. ९९१ हा आकडा मात्र तसाच होता. एकही नग वाढला नव्हता.

म्हणून नगांची संख्या ऐकून हुरळून जाणाऱ्यांशी माझे पटत नाही. गाडीचे नग किती निघाले यापेक्षा ती पुन्हा काढता येईल का, हा प्रश्न मी आधी विचारतो. २०२२ साली बीएमडब्ल्यूने एम४ सीएसएल काढली, तीही फक्त १,००० नग, म्हणजे जुन्या सीएसएलपेक्षा कमी. पण तिच्यात टर्बो आहे आणि गिअरबॉक्स स्वयंचलित आहे. तिच्या येण्याने जुन्या गाडीच्या भावाला धक्का लागल्याचे मला तरी दिसले नाही, कारण टर्बोशिवाय मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत ओरडणारे ते इंजिन आजच्या उत्सर्जनाच्या नियमांत पुन्हा बसवणे शक्य नाही. नाव पुन्हा वापरता आले, गाडी नाही.

गिअरबॉक्सची गंमत तर आणखीच वेगळी आहे. साध्या एम३मध्ये एसएमजी असेल तर भाव उतरतो, क्लचवाली गाडी महाग जाते. सीएसएलमध्ये तोच एसएमजी अस्सलपणाचा पुरावा ठरतो. काही मालकांनी तो काढून हाताचा गिअरबॉक्स बसवून घेतला आहे, आणि चालवायला ती गाडी कदाचित अधिक सुखाची असेलही. तरी काढलेले भाग जपून ठेवले आहेत का, हे गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारते.

भावावर आणखी एक हात फिरणार आहे तो अमेरिकेचा. तिथे सीएसएल अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही, मात्र २५ वर्षे पूर्ण झालेली परदेशी गाडी तिथल्या सुरक्षा नियमांच्या अटींतून सुटते. निस्सान स्कायलाइन जीटी-आरची आर३४ पिढी १९९९ च्या जानेवारीत आली होती, त्यामुळे २०२४ पासून तिला हे दार उघडले. सीएसएलची पाळी २०२८ मध्ये येईल. इथले डीलर ते वर्ष आताच जाहिरातींत लिहू लागले आहेत, आणि त्या उल्लेखाचे पैसे देऊ नयेत, असे माझे मत आहे. जे सर्वांना ठाऊक आहे ते भावात आधीच धरलेले असते.

मित्राला परतीच्या वाटेवर वेगळीच चिंता होती: पुढेमागे पुण्याला परतलो तर ही गाडी नेता येईल का? येणार नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी लागते, आणि व्हिंटेज म्हणून आणायची तर पन्नाशी ओलांडलेली असावी लागते. वीस-पंचवीस वर्षांची गाडी मधल्या मध्ये अडकते. शिवाय हिचे स्टिअरिंगही डावीकडे.

त्याने दोन दिवस विचार केला आणि तीच साधी एम३ घेतली. पैसे चुकते झाल्यावर मालकांनी ती फाइल उघडली, शेवटच्या पानावर त्या दिवशीचे किलोमीटर आणि तारीख सुवाच्य अक्षरात लिहिली, खाली सही केली आणि पेनही मित्राच्याच हातात दिले.