दादाचं कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं

दादाला अटॅक आला तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. तंबाखू नाही, दारू नाही, रोज पहाटे अजिंक्यतारा चढून यायचा. एक शीर ९० टक्के बंद निघाली, स्टेंट बसला. चौथ्या दिवशी घरी आला आणि संध्याकाळी वहिनीने त्याची जुनी फाइल काढली. वर्षभरापूर्वी कंपनीत झालेल्या तपासणीचा कागद त्यात होता. टोटल कोलेस्टेरॉल १८२, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ११०, आणि बाजूला निळ्या पेनने 'नॉर्मल' लिहून खाली दोनदा रेघ ओढलेली. वहिनी त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "अगं, मग हे काय होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण आमचे वडील, अण्णा आठवले. १९९८ साली, ५१व्या वर्षी, रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. घरात तेव्हा सगळे म्हणाले, कामाचा ताण. मी १७ वर्षांची होते, मीही तेच धरून चालले.

उत्तर दोन महिन्यांनी मिळालं. दादाला फॉलोअपला नेलं तेव्हा डॉक्टरांनी एकच नवी तपासणी लिहून दिली: लिपोप्रोटीन ए. डॉक्टरमंडळी तिला 'एलपी लिटल ए' म्हणतात. अटॅकच्या धामधुमीत रक्तातले आकडे वरखाली होतात, म्हणून मुद्दाम थांबलो होतो, असं ते म्हणाले. दादाचा आकडा आला ११२ मिलिग्रॅम. पन्नासच्या वर गेला की धोका धरतात.

त्यांनी कागदावर एक गोळा काढला. हा एलडीएलचा कण. मग त्याला एक लांब शेपटी काढली. हे जादा प्रथिन. असा शेपटीवाला कण शिरेच्या भिंतीत शिरतो, तिथे सूज धरतो, चरबीचा थर वाढवतो. तो किती बनायचा हे आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. मूल पाचएक वर्षांचं होईपर्यंत आकडा जवळपास पक्का होतो, पुढे पथ्याने किंवा चालण्याने फारसा हलत नाही. कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या तपासणीत, म्हणजे लिपिड प्रोफाइलमध्ये, तो वेगळा दाखवलेला नसतो. जगात साधारण पाचातल्या एकाचं प्रमाण वाढलेलं असतं, आणि आपल्या दक्षिण आशियाई लोकांत त्याचा त्रास जास्त दिसतो. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी हा कण १९६३ साली शोधला. अण्णा गेले तेव्हा त्या शोधाला ३५ वर्षं झाली होती, हे मला अजून टोचतं.

मग ते माझ्याकडे वळले. "तुमची केलीय का कधी?" वडील किंवा भाऊ ५५च्या आत, आई किंवा बहीण ६५च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर घरातल्या बाकीच्यांनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करावी, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं. सख्ख्या भावंडांत, मुलांत ते उतरण्याची शक्यता निम्मी-निम्मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, लिपिड प्रोफाइलमध्ये सगळं येतंच की. मी चिठ्ठी दाखवली. तिने यादी वरखाली केली, कुणाला तरी फोन लावला, मग नमुना पुण्याला जाईल, तीन दिवस लागतील असं सांगितलं. वर एक 'हार्ट पॅकेज'ही सुचवलं, होमोसिस्टीन नावाचा रक्तातला एक घटक आणि दोन-तीन व्हिटॅमिनं धरून. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, नको. गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरवलं तरी अटॅक कमी झाले नाहीत, हे मोठ्या अभ्यासांत दिसलंय. त्यापेक्षा अपो-बी करा, कारण शिरेला त्रास देणाऱ्या प्रत्येक कणावर अपो-बीचा एकच रेणू असतो, म्हणजे थेट कणांची मोजदाद होते. सूज दाखवणारी एचएस-सीआरपीही करणार होते, पण मला सर्दी-ताप होता. तापात तो आकडा उगाच चढतो, म्हणून ती तीन आठवडे पुढे ढकलली.

रिपोर्ट मोबाइलवर आला. एलडीएल ११५, अपो-बी ९८. आणि खाली ठळक अक्षरात लिपोप्रोटीन ए: २०५. मी बँकेत काउंटरवर बसले होते. दादाचा ११२, माझा २०५, म्हणजे जवळजवळ दुप्पट. समोरच्या काकांचं पासबुक हातात तसंच राहिलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी आकड्यापुढचं एकक दाखवलं. दादाचा रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये, माझा नॅनोमोलमध्ये. मिलिग्रॅम म्हणजे वजन, नॅनोमोल म्हणजे कणांची संख्या. शेपटी प्रत्येक माणसात कमी-जास्त लांब असते, त्यामुळे एका आकड्याला सरळ गुणून दुसरा काढता येत नाही. ढोबळमानाने ५० मिलिग्रॅम म्हणजे १२५ नॅनोमोल. तेव्हा माझा दादाइतका नाही, पण वाढलेलाच. हे एकक रिपोर्टवर बघितल्याशिवाय कुणीही घाबरू नये आणि कुणी निर्धास्तही होऊ नये. माझी ती दुपार कशी गेली, ते मलाच माहीत.

खास या कणासाठी आज दुकानात मिळेल असं औषध नाही. चाचण्या चालू आहेत. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनीही तो उतरत नाही. मग करायचं काय? डॉक्टर म्हणाले, हा एक हात बांधलेला आहे, बाकीचे सगळे मोकळे आहेत. एलडीएल खाली आणायचं, बीपी आणि साखर ताब्यात ठेवायची. याच कणामुळे हृदयाची महाधमनीची झडपही कडक होऊ शकते, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी काढली. झडप चांगली आहे. रोसुव्हास्टॅटिन १० सुरू करण्याआधी यकृताची तपासणी केली आणि आणखी मूल हवंय का, तेही विचारलं, कारण गरोदरपणात ही गोळी चालत नाही. ४३व्या वर्षी रोजची गोळी म्हटल्यावर मी दोन रात्री विचार केला. मग अण्णांचा फोटो पुसताना ठरवून टाकलं. आठ आठवड्यांनी एलडीएल ६२ आलं. एचएस-सीआरपी १.४, म्हणजे मध्यम.

भाच्याचा आकडा १४ मिलिग्रॅम आला, तेव्हा वहिनी कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. माझी लेक १४ वर्षांची आहे, तिचा नमुना गेल्या सोमवारी दिलाय. सुईकडे न बघता ती माझ्याकडे बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "आजोबांचं कुणी तपासलंच नाही ना?" मी नाही म्हटलं आणि तिच्या कोपराचा कापूस दाबून धरला.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी सगळं सविस्तर लिहिलं. अण्णांच्या बाजूची आम्ही बावीस जणं आहोत. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी कराडच्या चुलतबहिणीचा वेगळा मेसेज आला, "ताई, त्या तपासणीला उपाशी जायचं का गं?"

मी लिहिलं, "नाही लागत. चहा पिऊन जा. आणि रिपोर्ट आला की आकड्यापुढे काय लिहिलंय, तेही मला पाठव."