पंधराव्या अध्यायानंतर

मंगळवार, ईस्टरचा आठवडा

मामांना माती दिली त्या दिवशी पाळकसाहेबांनी बायबलमधील, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचला. आमच्याकडे बहुतेक अंत्यविधींना हाच वाचला जातो. ‘अरे मरणा, तुझी नांगी कोठे?’ हे शब्द कानांवर पडत होते, तेव्हा मामी पेटीच्या एका सैल खिळ्याकडे एकटक पाहत होत्या. नांगी कोठे आहे, हे त्यांना त्या क्षणी कोणी सांगायची गरज नव्हती. परवा पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटेच्या उपासनेत पुन्हा त्याच अध्यायातले वचन निघाले, म्हणून आज तो सगळा सावकाश वाचून काढला.

प्रेषित पौलाने हे पत्र इफिसहून साधारण इ. स. 55 च्या सुमारास, म्हणजे येशूला वधस्तंभावर दिल्यानंतर साधारण पंचवीस वर्षांतच लिहिले. ग्रीसमधील करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीतील काही जण मृतांचे पुनरुत्थान नाही असे म्हणत होते. ख्रिस्त उठला हे मात्र त्यांना मान्य असावे. पौल त्यांना ही पळवाट ठेवत नाही. मृत उठत नसतील तर ख्रिस्तही उठलेला नाही, आणि तो उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, तुमचा विश्वासही व्यर्थ, असे तो सरळ लिहितो. त्याआधी तो साक्षीदारांची यादी देतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा शिष्य, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असेही जोडतो; जणू शंका असेल तर जाऊन विचारा. स्वतःचा सगळा विश्वास एका घटनेवर असा उघडपणे पणाला लावण्याचे हे धैर्य मला नेहमीच चकित करते.

करिंथकरांची अडचण मला परकी वाटत नाही. आत्मा अमर आहे, देह हे जुने वस्त्र आहे, हा विचार आपल्याकडच्या हवेतच आहे आणि आम्ही ख्रिस्तीही सांत्वनाला गेलो की नकळत तेच बोलतो. मामा गेले तेव्हा ‘सुटले बिचारे’ असे म्हणणाऱ्यांत आमच्याच मंडळीचे लोक जास्त होते. त्या विचाराला त्याची स्वतःची खोली आहे, हे मी नाकारत नाही. पण प्रेषितांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत एकत्र म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, आपण दर रविवारी ‘शरीराचे पुनरुत्थान’ म्हणतो, ते निराळे आहे. पौल बीजाचा दाखला देतो: पेरले जाते ते नाशवंत, उठवले जाते ते अविनाशी. देह टाकून द्यायचा नाही, तो बदलून परत मिळायचा आहे, म्हणजे मामांचे ते संधिवाताने वाकडे झालेले हातसुद्धा देवाच्या हिशेबातून वगळलेले नाहीत.

योहानाच्या शुभवर्तमानातील, व्रण पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या थोमा या शिष्याची कथा मला म्हणूनच फार मोलाची वाटते. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. मरणावर जय मिळवणाऱ्याला ते पुसून टाकता आले नसते काय? पण तो तेच व्रण दाखवतो, आणि ओळख तेथेच पटते. ख्रिस्ती आशेचा अर्थ झाले गेले विसरून जाणे असा असता, तर ही कथा अशी लिहिली गेली नसती.

आणि शोक करणे म्हणजे विश्वासात कमी पडणे, असे जे आडून सुचवले जाते, त्याचा मला मनापासून राग येतो. मरण पावलेल्या आपल्या मित्राला, लाजराला, आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. लाजर तर पुन्हा कधीतरी मरण्यासाठीच उठला; ख्रिस्ताचे उठणे तसे नव्हते, मरण त्याच्यामागे कायमचे पडले. तरीही पौल मरणाला ‘शेवटचा शत्रू’ म्हणतो. त्याला मित्र किंवा सुटका म्हणत नाही. शत्रूने घाव घातला की दुखणारच. मामींना कोणी ‘रडू नका’ म्हणाले, तर यापुढे मी गप्प बसणार नाही.

अंत्यविधीचे वाचन पंधराव्या अध्यायाबरोबर थांबते. पत्र मात्र पुढे चालू राहते. प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, असे म्हणून पौल लगेच यरुशलेमच्या पवित्र जनांसाठीच्या, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांसाठीच्या, वर्गणीवर येतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे. पंधराव्या अध्यायाच्या शेवटी तुतारी वाजेल, मृत उठतील, आणि पुढच्याच ओळींत पैशांची व्यवस्था! पूर्वी मला हे उतरणे जरा रूक्ष वाटे. आज त्यात एक सरळ तर्क दिसतो. जे काहीच वाया जाणार नाही, त्यासाठी झिजायला हरकत कसली? मामींच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद अजून अडकलेलेच आहेत. हयातीचा दाखला आणि बँकेचे पासबुक घेऊन गुरुवारी त्यांच्याबरोबर कार्यालयात जायचे ठरवले आहे.